कर्ज काढण्यापूर्वी कागदावरची तालीम

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ या म्हणीत अनुभवाचे शहाणपण साठलेले आहे. परंतु हा अनुभव पदरी पडतो तेव्हा पैसा खर्च होऊन गेलेला असतो आणि कर्जाच्या कागदांवर सह्याही झालेल्या असतात. घर, सदनिका, दुकानाचा गाळा यांत गुंतवलेला पैसा सहजी मोकळा होत नाही आणि कर्जाचे हप्ते दहा, पंधरा, वीस वर्षे चालू राहतात. म्हणूनच अशा व्यवहाराचा अनुभव काही अंशी आधीच, कागदावर घेता आला तर तो कुटुंबालाही हवा असतो आणि ग्रामपंचायतीलाही. असा अनुभव देणाऱ्या पद्धतीला ‘सदृशीकरण’ किंवा ‘सिम्युलेशन’ असे म्हणतात. नाव अवघड वाटले तरी तिचे मूळ तत्त्व शाळेतील मुलालाही समजेल इतके सोपे आहे.

एका आकड्यावरचा भरवसा

बहुतेक योजनांचा हिशेब एकाच आकड्यावर उभा असतो. बांधकामाला इतका खर्च येईल, भाडे इतके मिळेल, व्याजाचा दर इतका राहील आणि शेवटी वर्षाला इतकी शिल्लक उरेल, अशी मांडणी केली जाते. यातील प्रत्येक अंदाज स्वतंत्रपणे पाहिला तर वाजवी असतो. पण ते सर्व अंदाज एकाच वेळी खरे ठरतील, हे वाजवी असेलच असे नाही. खर्च वाढू शकतो, भाडेकरू सोडून जाऊ शकतो, व्याजदर चढू शकतो. या तीन गोष्टी एकाच वर्षी घडल्या तर काय होईल, हा प्रश्न एका आकड्याच्या हिशेबात विचारलाच जात नाही.

सदृशीकरणात नेमका हाच प्रश्न विचारला जातो. ज्या बाबी अनिश्चित आहेत, त्यांची प्रत्येकी एकच किंमत न धरता संभाव्य किमतींची यादी केली जाते. मग चिठ्ठी उचलून, फासा टाकून किंवा संगणकाच्या साहाय्याने त्या यादीतील एकेक किंमत निवडून संपूर्ण वर्षाचा हिशेब केला जातो. असे एक वर्ष झाले की दुसरे, मग तिसरे, याप्रमाणे शेकडो काल्पनिक वर्षे कागदावर घडवली जातात. शेवटी किती वर्षांत शिल्लक उरली, किती वर्षांत तूट आली आणि किती वर्षांत ती तूट झेपण्यापलीकडे गेली, याची मोजदाद केली जाते.

पत्त्यांच्या डावातून निघालेली पद्धत

या पद्धतीचा आधुनिक इतिहास मनोरंजक आहे. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हे गणितज्ञ आजारातून बरे होत असताना एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा डाव मांडून बसत. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पण ते गणित फार गुंतागुंतीचे निघाले. तेव्हा त्यांच्या मनात आले की, डाव शंभर वेळा मांडून तो किती वेळा सुटतो हे सरळ मोजले तर काय हरकत आहे? ही कल्पना त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांच्यापुढे मांडली आणि अमेरिकेतील लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत अणुविज्ञानाच्या प्रश्नांसाठी ती वापरात आली. निकोलस मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी १९४९ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. मोनॅको देशातील प्रसिद्ध जुगारगृहावरून तिला ‘माँटे कार्लो पद्धत’ हे नाव मिळाले.

भांडवली गुंतवणुकीच्या निर्णयांसाठी ही पद्धत वापरावी, असे प्रतिपादन डेव्हिड हर्ट्झ यांनी १९६४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात केले. त्या काळी यासाठी मोठे संगणक लागत. आज कार्यालयातील साध्या संगणकावरील तक्त्यातही हजार काल्पनिक वर्षांचा हिशेब क्षणात होतो. मात्र तत्त्व समजून घेण्यासाठी तीन फासे आणि एक वही पुरेशी आहे.

व्याजदर बदलतो तेव्हा

प्रथम घरकर्जाचे उदाहरण घेऊ. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी घरकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाह्य निकषाशी जोडली गेली. मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर गेला. दहा महिन्यांच्या आत अडीच टक्क्यांची ही वाढ होती. पुढे २०२५ मध्ये तो उतरू लागला आणि जूनमध्ये ५.५० टक्के झाला. वीस वर्षांच्या कर्जात असे चढउतार अनेकदा येणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते.

समजा, एका शिक्षक कुटुंबाने २५ लाख रुपयांचे कर्ज ७ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १९,३८२ रुपये येतो. वर्षभर नियमाने हप्ते भरल्यानंतर मुद्दलातून फक्त ५९ हजारांच्या आसपास रक्कम फिटते आणि सुमारे २४ लाख ४० हजार रुपये बाकी राहतात. आता दर ९.५० टक्के झाला असे धरू. या बाकीवर एका महिन्याचे व्याजच सुमारे १९,३२१ रुपये होते. हप्ता पूर्वीइतकाच ठेवला, तर मुद्दलात महिन्याला केवळ ६० रुपयांच्या जवळपास रक्कम जाते. दर तसाच राहिल्यास हे कर्ज फिटावयास आणखी सुमारे ६० वर्षे लागतील! ठरलेल्या मुदतीतच कर्ज फेडावयाचे असेल, तर हप्ता सुमारे २३,१५७ रुपये, म्हणजे महिन्याला पावणेचार हजारांहून थोडा अधिक करावा लागेल.

कुटुंबापुढचा खरा प्रश्न हप्त्याचा आहे. ‘आजचा हप्ता झेपतो काय?’ एवढ्यावर न थांबता ‘हप्ता २३ हजारांवर गेला आणि त्याच वर्षी घरात आजारपण आले, तर झेपेल काय?’ असे विचारले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, व्याजदर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याची निवड कर्जदाराला देणे आवश्यक आहे. मुदत वाढवल्यामुळे कर्जाची बाकी उलट फुगत जाणार नाही, याचीही दक्षता कर्ज देणाऱ्या संस्थेने घ्यावयाची आहे. ही निवड डोळसपणे करावयाची तर वरील हिशेब कर्जदाराला स्वतः करता यावा लागतो.

ग्रामपंचायतीचे गाळे : एक पाठ

आता सार्वजनिक गुंतवणुकीचे उदाहरण पाहू. स्वतःचे उत्पन्न वाढावे म्हणून अनेक ग्रामपंचायती बाजाराच्या जागी किंवा रस्त्यालगत दुकानांचे गाळे बांधून भाड्याने देतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखालील जिल्हा ग्रामविकास निधीतून अशा कामांसाठी कर्जाची सोयही आहे. पुढील आकडे केवळ पाठापुरते कल्पिलेले आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक गावाने आपले आकडे आणि त्या वेळी लागू असलेला व्याजदर घालावा.

एका ग्रामपंचायतीपुढे दोन योजना आहेत. प्रत्येक गाळ्याला ४ लाख रुपये खर्च आणि महिन्याला ५,५०० रुपये भाडे, म्हणजे वर्षाला ६६,००० रुपये, अपेक्षित आहे. स्वनिधीतून ८ लाख रुपये घालता येतात. उरलेली रक्कम ८ टक्के व्याजाने, दहा समान वार्षिक हप्त्यांत फेडावयाच्या कर्जातून उभी करावयाची आहे.

पहिली योजना आठ गाळ्यांची. खर्च ३२ लाख, कर्ज २४ लाख, वार्षिक हप्ता सुमारे ३,५७,६७१ रुपये. पूर्ण भाडे ५,२८,००० रुपये. दुरुस्तीचे ३०,००० रुपये वजा जाता वर्षाला १,४०,३२९ रुपये शिल्लक.

दुसरी योजना पाच गाळ्यांची. खर्च २० लाख, कर्ज १२ लाख, वार्षिक हप्ता सुमारे १,७८,८३५ रुपये. पूर्ण भाडे ३,३०,००० रुपये. दुरुस्तीचे २०,००० रुपये वजा जाता वर्षाला १,३१,१६५ रुपये शिल्लक.

एका आकड्याच्या हिशेबात पहिली योजना सरस ठरते. शिल्लक नऊ हजारांनी अधिक आहे आणि कर्ज फिटल्यावर तीन गाळे जास्त हाती राहतील. सभेत बहुधा याच योजनेच्या बाजूने हात वर होतील. ठराव करण्यापूर्वी फासे मात्र टाकून पाहावेत.

पहिला फासा बांधकाम खर्चाचा. १, २ किंवा ३ पडल्यास खर्च अंदाजपत्रकाइतकाच. ४ किंवा ५ पडल्यास दहा टक्के जास्त. ६ पडल्यास वीस टक्के जास्त. वाढीव खर्चही त्याच अटींवर कर्जाने भागवावा लागेल असे धरू.

दुसरा फासा रिकाम्या किंवा भाडे थकलेल्या गाळ्यांचा. या ग्रामपंचायतीकडे गाळ्यांसाठी लेखी अर्ज पाचच आले आहेत. उरलेले तीन ‘येतील’ अशी आशा आहे. म्हणून आठ गाळ्यांच्या योजनेत १ पडल्यास एकही गाळा रिकामा नाही. २ किंवा ३ पडल्यास एक, ४ किंवा ५ पडल्यास दोन आणि ६ पडल्यास तीन गाळे वर्षभर रिकामे. पाच गाळ्यांच्या योजनेत १ ते ३ पडल्यास एकही रिकामा नाही, ४ किंवा ५ पडल्यास एक आणि ६ पडल्यास दोन रिकामे.

तिसरा फासा दुरुस्तीचा. आठ गाळ्यांसाठी १ ते ३ पडल्यास ३०,००० रुपये, ४ किंवा ५ पडल्यास ५०,००० आणि ६ पडल्यास १,००,००० रुपये. पाच गाळ्यांसाठी याच क्रमाने २०,०००, ३०,००० आणि ६०,००० रुपये.

शेवटी एक मर्यादा ठरवावी. पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती यांना धक्का न लावता ही ग्रामपंचायत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची तूट सोसू शकते. त्यापुढची तूट धोक्याची समजावी.

फासे काय सांगतात

प्रत्येक वेळी तिन्ही फासे टाकून एका वर्षाचा हिशेब वहीत मांडावयाचा, अशी शंभर वर्षे मांडली तरी चित्र स्पष्ट होते. तीन फाशांची एकूण २१६ दाने असल्यामुळे या उदाहरणात ती सर्वच तपासता येतात. ती तपासली असता पुढील निष्कर्ष निघतात.

आठ गाळ्यांच्या योजनेत २१६ पैकी १०९ दानांत शिल्लक उरते, म्हणजे निम्म्याहून जेमतेम अधिक. ६८ दानांत, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश वेळा, तूट ५०,००० रुपयांच्या पुढे जाते. सर्वांत वाईट दानात ती २,२३,०५० रुपये होते.

पाच गाळ्यांच्या योजनेत १७० दानांत शिल्लक उरते आणि केवळ ८ दानांत तूट धोक्याची रेषा ओलांडते. सर्वांत वाईट दानातील तूट १,००,४४७ रुपये आहे.

ज्या १,४०,३२९ रुपयांच्या शिलकेवर पहिली योजना सरस ठरली होती, ती पूर्ण शिल्लक २१६ पैकी अवघ्या ९ दानांत मिळते, म्हणजे चोवीस वेळांत एकदा. अंदाजपत्रक खोटे नव्हते. त्यात सर्वांत अनुकूल वर्ष तेवढे धरलेले होते.

दोष कोठे आहे, याचा शोध

केवळ इशारा देऊन ही पद्धत थांबत नाही. कोणती अनिश्चितता आवरली असता सर्वाधिक लाभ होईल, हेही तिच्यातून कळते. आठ गाळ्यांच्या योजनेत समजा पक्का करार करून बांधकाम खर्चातील वाढ पूर्णपणे रोखली. तरीही धोक्याची दाने ६८ वरून ४८ पर्यंतच उतरतात. याउलट खर्चाचा फासा पूर्वीसारखाच ठेवून आठही गाळ्यांना पुरेसे अर्ज मिळवले, म्हणजेच दुसऱ्या फाशासाठी पाच गाळ्यांची यादी लागू केली, तर धोक्याची दाने १७ वर येतात आणि शिलकेची दाने १०९ वरून १७० होतात.

यावरून निर्णयाची दिशा स्पष्ट होते. आठ गाळे बांधणे ही चूक नाही; अर्ज हाती नसताना ते बांधणे ही चूक आहे. आज पाच गाळे बांधावेत, उरलेल्या तिघांसाठी जागा राखून ठेवावी आणि लेखी मागणी आल्यावर दुसरा टप्पा हाती घ्यावा, असा मध्यममार्ग येथे निघतो.

याच रीतीने अन्य पर्यायही तपासता येतील. स्वनिधी थोडा अधिक घातला तर काय, कर्जाची मुदत बदलली तर काय, पहिल्या दोन वर्षांची शिल्लक दुरुस्ती निधीत राखून ठेवली तर काय, हे प्रश्न फाशांना विचारावेत. गाळेधारकांकडून घेतलेली अनामत मात्र उत्पन्नात धरू नये. ती परत करावयाची रक्कम आहे आणि बरेच गाळेधारक एकाच वेळी सोडून गेले तर ती एकदम द्यावी लागते.

खासगी गुंतवणुकीलाही हीच रीत लागू पडते. भाड्याच्या उत्पन्नासाठी सदनिका घेणाऱ्याने रिकामे महिने, सोसायटीचा देखभाल खर्च आणि व्याजदर यांचे फासे करावेत. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्याने ताबा लांबण्याचाही फासा ठेवावा. कारण त्या काळात राहत्या घराचे भाडे आणि कर्जाचा हप्ता असा दुहेरी भार पडतो. ‘महारेरा’ प्राधिकरणाकडे नोंदलेल्या प्रकल्पाची पूर्णतेची तारीख त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्या तारखेपुढे सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे अशा शक्यता मांडून आपली गंगाजळी पुरते काय, हे तपासावे.

पद्धतीच्या मर्यादा

फाशांवर कोणत्या शक्यता लिहावयाच्या, हे माणसेच ठरवतात. चुकीच्या याद्या केल्या तर हजार वेळा फासे टाकूनही उत्तर चुकीचेच येणार. म्हणून याद्या करताना गावातील जुने दाखले पाहावेत. मागील दहा वर्षांत किती गाळे किती काळ रिकामे होते, भाडे किती थकले, आधीच्या इमारतींचा खर्च अंदाजपत्रकाच्या किती पुढे गेला, ही माहिती ग्रामपंचायतीच्या आणि शेजारच्या गावांच्या दप्तरांतच असते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वरील उदाहरणात तिन्ही फासे एकमेकांपासून स्वतंत्र धरले आहेत. प्रत्यक्षात संकटे अनेकदा एकत्र येतात. अवर्षणाच्या वर्षी बाजार मंदावतो, गाळ्यांचे भाडे थकते आणि त्याच वर्षी घरपट्टीची वसुलीही घटते. म्हणजे तूट वाढते आणि ती सोसण्याची शक्तीही कमी होते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा असंख्य दुकाने एकाच वेळी बंद पडली. त्या वेळी कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्ट २०२० पर्यंत स्थगिती मिळाली, परंतु स्थगित रकमेवरील व्याज चालूच राहिले.

अमेरिकेतील अनुभव याच स्वरूपाचा आहे. तेथील घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांची जोखीम मोजणाऱ्या संगणकीय प्रतिकृतींनी देशभरातील घरांच्या किमती एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर घसरण्याच्या शक्यतेला फारच कमी वजन दिले होते. २००६ ते २०१२ या काळात त्या किमती राष्ट्रीय पातळीवर एकचतुर्थांशाहून अधिक घसरल्या आणि २००८ चे आर्थिक संकट जगभर पसरले. संगणक अचूक चालत होते. पण त्यांना दिलेल्या फाशांवर वाईट बाजू नीट लिहिलेली नव्हती. यावरचा साधा उपाय असा की, नेहमीच्या फाशांखेरीज ‘सर्वच बिघडलेले एक वर्ष’ मुद्दाम हाताने मांडावे आणि त्या वर्षी हप्ता कोठून भरावयाचा, हे आधीच लिहून ठेवावे.

शाळा आणि ग्रामसभा

संभाव्यता हा विषय शाळेच्या गणितात आहेच. शिक्षकांनी वरील उदाहरण फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांच्या गटांना तीन फासे दिले, तर एका तासात शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब सहज होईल. गटागटांची उत्तरे थोडी वेगळी येतील, पण सर्वांची बेरीज २१६ दानांच्या प्रमाणाजवळ येत जाईल. मोजणी जितकी अधिक, तितका अंदाज पक्का, हे गणितातील तत्त्व मुलांना त्यातून आपोआप उमगेल.

ग्रामसभेतही असा हिशेब मांडण्यास अडचण नाही. ‘योजना फायद्याची आहे’ या एका वाक्याऐवजी ‘इतक्या शक्यतांत शिल्लक, इतक्या शक्यतांत तूट आणि इतक्या शक्यतांत पाणीपुरवठ्याच्या पैशाला हात लावावा लागेल’ असे तीन आकडे ग्रामस्थांपुढे ठेवता येतात. मग चर्चा व्यक्तींवरून हटून याद्यांवर येते. गाळे रिकामे राहण्याचा अंदाज कमी धरला आहे काय, दुरुस्तीला एवढी रक्कम पुरेल काय, हे बाजारात रोज बसणारा छोटा व्यापारीही सांगू शकतो आणि बहुधा तोच ते सर्वांत नेमके सांगतो.

उद्याचा व्याजदर किंवा पुढील वर्षीचा पाऊस ही पद्धत सांगू शकत नाही. ज्या कर्जाचे हप्ते आज सही करणाऱ्यांच्या मुदतीनंतरही गावाला भरावे लागणार आहेत, त्याचा वाईट दिवस कसा असेल, हे मात्र सही करण्यापूर्वी पाहून घेता येते. ठरावाच्या मसुद्याला फाशांच्या हिशेबाचे एक पान जोडले, तर पुढे येणाऱ्या सरपंचाला आणि सदस्यांनाही आपल्यावर कोणता भार आहे आणि तो का पत्करला, हे कळू शकेल.